बंगलोरला गेलेली किल्ली

बंगलोरला जाऊन आले म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, साड्या काय आणल्या? आणल्या दोन, एक जांभळी आणि एक राखी. साड्यांची हकीकत इथे संपली. मी गेले होते सरकारी पत्रावर, पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला, आणि प्रशिक्षण होतं एड्सबद्दल. हे ऐकलं की विचारणाऱ्या बायका पदर सावरून जरा मागे सरकतात, जणू मी तो पिशवीत घालून आणलाय.

मी एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जिची गोष्ट येणार आहे तिचं नाव मी बदललंय आणि गाव लिहिलं तर बदलून उपयोग नाही. वॉर्डात मला बावीस वर्षं झाली. माझा आवाज ओपीडीपर्यंत जातो, असं ओपीडीवाले म्हणतात. खोटं नाही.

प्रशिक्षणाच्या पत्रात लिहिलं होतं, की या रोगाबद्दल जगात जे जे शोधून काढलं आहे ते कागदावरच राहतं, रोजच्या कामात उतरत नाही, म्हणून प्रत्येकीने आपल्या वॉर्डातली एक चांगली पद्धत दाखवायला आणावी. पत्र वाचून मी खूश झाले. माझ्याकडे पद्धत तयार होती, आणि ती माझ्याच डोक्यातून निघाली होती.

दवाखान्याची लाल ब्लँकेटं सगळ्यांनी पाहिली असतील. त्यातलं एक फाटलं तेव्हा मी त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढल्या. जिच्या रक्तात एचआयव्ही निघेल तिच्या केसपेपरला एक पट्टी आणि खाटेच्या दांड्याला एक. पट्टी दिसली की सिस्टरने माझ्याकडून किल्ली घ्यायची, लोखंडी कपाट उघडायचं, आणि वरून आलेले नवे कोरे हातमोजे काढायचे. बाकीच्या बाळंतिणींसाठी जुने धुतलेले होतेच. एखाद्याच्या बोटाला भोक असलं तर त्यावर दुसरा चढवायचा. किल्ली कायम माझ्या कमरेला.

निघायच्या तीन आठवडे आधी कमल आली होती. आठवा महिना, नवरा ट्रकवर. तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी तिला आत घेऊन गोड शब्दांत समजावलं, आणि समजावता समजावता केसपेपरला पट्टी टाचली. पेपर घेऊन ती बाहेर बाकावर जाऊन बसली. हळूहळू तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी झाली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर बाक होतं, पेपर होता, कमल नव्हती. दोनदा निरोप धाडला, आली नाही. घरीच बाळंत होईन म्हणाली, असं कळलं. मला तिचा रागच आला. कोरे मोजे ठेवलेत हिच्यासाठी, आणि ही पळते. दैव देतं आणि कर्म नेतं, असं मी वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाले. आज ते लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले होते.

बनशंकरी

माझ्या जावेचं माहेर बंगलोरचं, बनशंकरीतलं. तिचे भाऊ अण्णा आणि वहिनी पद्माक्का यांच्याकडे उतरले. हे लोक तिथे तीनशे वर्षं आहेत. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर पूर्वज फौजेबरोबर आले, फौज परत गेली, हे राहिले. त्यांचं शिंपीकामाचं दुकान आहे आणि घरात मराठी आहे, पण ती कानडीत बुडवून काढलेली.

"प्रवास सरी झाला नव्हे?" अण्णांनी विचारलं. "स्वल्प टेका अक्का, काफी होतेय."

मला वाटलं होतं, मराठी घर म्हणजे चहा मिळेल. चहाचं नाव काढलं तेव्हा पद्माक्कांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, की मला ताप आहे का हेच विचारायचं बाकी राहिलं. कॉफी आली ती स्टीलच्या पेल्यात, खाली वाटीसारखं भांडं. ते एकातून दुसऱ्यात ओतायचं असतं. पहिल्या दिवशी मी ते साडीवर ओतलं.

बैठकीत काचेचं कपाट होतं आणि त्यात सोनेरी काठाचे सहा कप पालथे घातलेले होते. मुलीच्या साखरपुड्याला आणले, एकदाही वापरले नाहीत, असं पद्माक्का कौतुकाने सांगत होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती. बाई आपल्यातलीच आहे, असं मला तिथेच वाटून गेलं. स्वतःच्या किल्लीची आठवण मात्र तेव्हा झाली नाही.

व्हाइटफील्ड

प्रशिक्षण व्हाइटफील्डला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्याच सकाळी फजिती झाली. आपल्याकडे एसटीत जिथून शिरता येईल तिथून माणूस शिरतं. इथे शहर बसला बायका पुढून चढतात आणि पुरुष मागून. मी रेटा देऊन मागून चढले. कंडक्टर बोट नाचवत "मुंदे, मुंदे" म्हणायला लागला. मला वाटलं हा पैसे मागतोय, मी नोट पुढे केली. सगळी पुरुषमंडळी माझ्याकडे बघत राहिली, शेवटी एका म्हाताऱ्याने हातानेच पुढचा दरवाजा दाखवला. पुढचे चार दिवस मी न चुकता पुढून चढले, आणि खरं सांगायचं तर सोय चांगली आहे. कोपरं लागत नाहीत.

व्हाइटफील्ड म्हणजे मोठी झाडं, कौलारू बंगले आणि मधूनमधून निलगिरीचे पट्टे. रस्त्यापलीकडे काचेची एक उंच इमारत उभी राहत होती. तिथे बसून लोक कॉम्प्युटरवर परदेशातलं काम करणार, असं कुणीसं सांगितलं. आमचा वर्ग एका जुन्या बंगल्यात, फरशी गार, डोक्यावर पंखा. नाश्त्याला चौचौ बाथ, म्हणजे एकाच बशीत तिखट सांजा आणि गोड शिरा शेजारी शेजारी. कुठला आधी खायचा यावर आंध्रच्या सिस्टर आणि माझ्यात मतभेद झाले. तिथे एक कॉफी दोघांत वाटून मागवतात आणि त्याला बाय-टू म्हणतात. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा कप दिला तर तो पुढची दहा वर्षं ते सांगत फिरेल.

शिकवायला डॉ. विमला होत्या. बारीक बाई, बोलणं हळू, हिंदी आमच्याइतकंच मोडकं. दुपारी पद्धती दाखवायची वेळ आली. मी पर्समधून लाल पट्टी काढली, खुर्चीच्या दांड्याला बांधली आणि हिंदीत भाषण ठोकलं. दोघीतिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या बायकांचं रक्त तपासलं जातं का? मी म्हटलं, छे, ज्यांच्यावर संशय येतो त्यांचंच. मग त्यांनी सांगितलं, की नवी लागण असेल तर तपासलेलं रक्तही काही आठवडे काहीच बोलत नाही. आणि मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, बाकीच्या खाटांवर काय आहे, हे या चिंधीला कसं कळतं?"

शोध साधाच होता, त्यांनी तो फळ्यावर एका ओळीत लिहिला. कुणाचं रक्त कसं आहे ते धरून चालायचं नाही, प्रत्येकीच्या बाळंतपणाला तेच मोजे, तीच काळजी. याचं परिपत्रक आमच्याकडेही आलं होतं, मी स्वतः सही करून फायलीत लावलं होतं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. यांना काय जातंय बोलायला, मोजे कुठून आणायचे?

देवनहळ्ळी

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी देवनहळ्ळीला मिळालं. गाव जुनं, किल्ल्याच्या भिंतीआत अजून लोक राहतात, बाहेर द्राक्षांचे मांडव आणि पपनसांच्या बागा. तिथल्या एका लहानशा आरोग्य केंद्रात आम्हाला नेलं. केंद्राच्या मागच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मला हसूच फुटलं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर हातमोजे लटकत होते, वाऱ्याने फुगून पाची बोटं वर करून, जणू सगळे मिळून आम्हाला नमस्कार करतायत.

तिथली नर्स जयम्मा. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, चाल माझ्यासारखीच तुरुतुरु. तिने आम्हाला सगळं करून दाखवलं. वापरलेले मोजे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायचे, धुवायचे, मग प्रत्येकात पाणी भरून पिळायचं. कुठून थेंब आला की तो मोजा गेला फरशी पुसायला. जे टिकले ते वाळवायचे, पावडर लावायची, वाफेच्या डब्यात घालायचे. जुने असोत की नवे, सगळे एकाच टोपलीत. हाताला येईल तो मोजा, येईल ती बाई. कपाट तिच्याकडेही होतं, त्यात तिने लोणच्याची बरणी ठेवली होती.

जेवायला तिने रागीचे मुद्दे केले होते, नाचणीच्या उकडीचे मोठाले गोळे, सोबत पालेभाजीचं सार. मी भाकरी खाते तसा घास चावला. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. माझे वरचे दात खालच्या दातांना चिकटले आणि मी बोलेनाशी झाले, हे बावीस वर्षांत पहिल्यांदाच झालं असेल. जयम्मा पाणी देऊन माझी पाठ चोळत होती आणि हसत होती.

मग पपनस सोलता सोलता तिने आपणहून सांगितलं. तिचं हिंदी तुटक होतं पण मला समजलं. तिच्याकडेही आधी अशीच वेगळी खाट होती, कोपऱ्यातली. एक बाई ती खाट बघून घरी निघाली, आणि वाटेत शेतातच बाळंत झाली.

"खाट उस के अच्छे के लिए था," जयम्मा म्हणाली. "लेकिन उस को कौन बोला, अच्छे के लिए?"

पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पपनसाची फोड माझ्या हातात तशीच राहिली. कमलचे दिवस भरत आले होते. ती कुठल्या अंधाऱ्या खोलीत, कुणाच्या हातून बाळंत होणार होती, आणि ते हात कशाने झाकलेले असणार होते? इतके दिवस मी तिला पळपुटी म्हणत होते. तिला मीच पळवलं होतं. हे मला त्या अंगणात लख्ख कळलं.

जयम्माने निघताना मला एक अख्खं पपनस दिलं, डोक्याएवढं.

टेलिफोन

परत आल्या आल्या बनशंकरीच्या देवळाजवळचा एसटीडी बूथ गाठला. आमच्या दवाखान्यात फोन एकच, ऑफिसात. तिथून शिपाई वॉर्डातून सुनंदाला बोलावून आणतो. सुनंदा माझ्या हाताखालची सिस्टर, शांत, कामाला चोख. माझ्यासमोर ती फार बोलत नाही.

मी एका दमात सांगितलं. सगळ्या चिंध्या आजच्या आज काढ. उद्या स्वतः कमलकडे जा. तिला सांग, पट्टी नाही, वेगळी खाट नाही. आणि यापुढे प्रत्येकीला चांगले मोजे. जुन्यांचं काय करायचं तेही सांगितलं, पाणी भरून पिळायचं, दोरीवर वाळवायचं.

सुनंदा म्हणाली, "बरं. पण सिस्टर, किल्ली?"

माझा हात पर्समध्ये गेला. किल्ली तिथेच होती, रुमालाखाली. घाईत द्यायला विसरले, असं मी नंतर दवाखान्याच्या साहेबांना सांगितलं. इथे खरं लिहिते. विसरले नव्हते. पाच दिवसांचा तर प्रश्न, चांगले मोजे उगाच उधळतील, म्हणून मी दोन जोड बाहेर काढून ठेवले होते आणि किल्ली मुद्दाम बरोबर आणली होती.

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? चिंधी असो नसो धोका सारखाच, असं म्हणताय ना? मग एवढी वर्षं आम्ही फाटके मोजे घालून बाळंतपणं केली ती..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. बावीस वर्षांत माझ्या हाताखालच्या किती पोरींनी भोकं पडलेल्या मोज्यांनी किती बाळं झेलली असतील. मी त्यांच्या हातांपेक्षा कपाट जास्त जपलं होतं.

"चुकले गं मी," म्हणाले. "कुलूप तोड."

सरकारी कपाटाचं कुलूप तोडायचं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. तिने तेच विचारलं, उद्या चौकशी लागली तर? मी म्हटलं, रजिस्टर उघड आणि लिही, इन्चार्ज सिस्टरच्या तोंडी आदेशावरून कुलूप तोडलं. पुढे माझं पूर्ण नाव लिही, आडनावासकट. तिने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मग मागे शिपायाचा आवाज आला, खलबत्त्यातला बत्ता आणू का? आण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझं लक्ष नव्हतं. मधल्या सुट्टीत व्हाइटफील्डहूनच फोन लावला. कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं होतं. सुनंदा कमलकडे जाऊनही आली होती. कमलने दार अर्धंच उघडलं. खाट कुठली देणार, एवढंच विचारलं. रिकामी असेल ती, असं सुनंदाने सांगितलं. त्यावर कमल "बघते" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आपल्याकडे "बघते" म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. तरी त्या एका शब्दावर मी उरलेले अडीच दिवस काढले.

निघताना

शेवटच्या दिवशी प्रत्येकीने घरी जाऊन काय बदलणार ते सांगायचं होतं. बाकीच्यांनी छान छान मुद्दे सांगितले. मी सांगितलं, माझ्याकडे कुलूप होतं ते फोनवरून तोडलं. डॉ. विमलांना आधी माझं हिंदी चुकलं असं वाटलं. समजलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

निघायच्या आधी पद्माक्कांनी कॉफी दिली, नेहमीच्या स्टीलच्या पेल्यात. मी थट्टेने म्हटलं, आज तरी सोनेरी कपातून द्या.

"ते पाहुण्यांना, अक्का," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरच्या नव्हे का?"

कॉफी प्याले, या वेळी साडीवर न सांडता. अण्णा बसपर्यंत पोचवायला आले आणि खिडकीतून वाकून पुन्हा यायचं वचन घेऊन गेले. मीही "सरी" म्हणाले.

परत

सकाळी उतरले ती तडक दवाखान्यात गेले, खांद्यावर पिशवी आणि हातात पपनस. वॉर्डाच्या मागच्या दोरीवर चादरींशेजारी मोजे वाळत होते, फुगलेले. लोखंडी कपाटाचं दार सताड उघडं, कडी वाकलेली. चौकशी पुढे लागलीच, खुलासा मागवला, मी दोन पानी खुलासा लिहिला आणि त्याला ते जुनं परिपत्रक जोडलं. ते प्रकरण अजून टेबलावर आहे. नवं कुलूप मात्र मी मागितलेलं नाही.

पण त्या सकाळी माझं लक्ष कपाटाकडे नव्हतं. मी दारातच उभी राहिले. बावीस वर्षं मी या दारातून एक नजर टाकून सांगत आले, कुठली खाट कशाची. त्या दिवशी सगळ्या खाटा सारख्या दिसत होत्या. बाळंतिणी, बाळं, दुपटी, डबे घेऊन आलेल्या सासवा. कमल यांत आहे की नाही, मला कळेना. सुनंदा लेबर रूममध्ये होती. मोठ्याने विचारायची छाती होईना, कारण माझा आवाज ओपीडीपर्यंत जातो.

मी खाटांमधून चालत गेले. खिडकीजवळच्या खाटेवर एक जण पाठमोरी बसून केस विंचरत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिचं बाळ मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याच्याशी काहीबाही बोलत होती. मी त्यांच्यावरून पुढे निघूनसुद्धा गेले.

"बाई," मागून हाक आली.

वळले तर कमल. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मी काय आणलंय ते. मी पपनस खाटेवर ठेवलं आणि दोन्ही हात तिला दिसतील असे मोकळे धरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसलं नाही. या बाळाच्या रक्तात काय आहे ते कळायला अजून वर्ष दीड वर्ष लागेल, हे मला माहीत होतं आणि तिलाही कुणीतरी नीट सांगितलं होतं.

"ओळखलं नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "खरंच नाही ओळखलं."

तेव्हा ती हसली, शेजारणीकडून बाळ घेतलं आणि माझ्या हातात दिलं.